राजापूर: माणसं घटली, मग बाजारात पैसा कुठून येतोय?

अर्जुनाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, जाणकारांनी भर घाला.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला, म्हणजे दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणूस कमी. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. त्या दहा वर्षांत महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला आणि अख्ख्या राज्यात घटलेले जिल्हे तीनच, हे दोन आणि तिसरा मुंबई शहर. रत्नागिरी जिल्ह्यातलीच आमची राजापूर नगरपरिषद २००१ ला साडेदहा हजारांच्या आतबाहेर होती ती २०११ ला दहाच्याही खाली. त्यानंतर मोजणी झालेलीच नाही.

आता माणसं कमी झाली हे कळायला आम्हाला जनगणना नको, संध्याकाळी सातनंतर जवाहर चौकात उभं राहा, दिसतं. पण माझं गणित वेगळ्याच जागी अडकलंय. माझं दुकान आहे हार्डवेअरचं, वडिलांपासून चालत आलेलं. गिऱ्हाईक रोडावलं तर गल्ला पण रोडावायला पाहिजे ना? तसं झालेलं नाही, उलट वाढलाय. फक्त विकतं काय ते पार बदललं. वडिलांच्या वेळेला फावडी, कुदळी, कोयते, नांगराचे फाळ, कंदिलाच्या काचा. आता टाइल्स, बाहेरचा रंग, पाण्याच्या टाक्या, बाथरूमचं फिटिंग, खिडक्यांचे ग्रिल आणि कुलपं. कुलपं किती खपतात सांगितलं तर खोटं वाटेल. मे महिना आणि गणपतीच्या आधीचे पंधरावीस दिवस धरले तर वर्षाचा निम्मा धंदा तिथेच होतो.

पूर्वी उधारीचं खातं मुंबईची मनीऑर्डर आली की मिटायचं. वडील पोस्टमनला विचारूनच उधारी द्यायचे, अमक्याची येते का वेळेवर, तमक्याचा मुलगा पाठवतो का. कागदी मनीऑर्डर पोस्टाने २०१५ ला बंदच केली. आता नालासोपाऱ्यावरून व्हॉट्सॅपवर यादी येते, पैसे फोनवर जमा, आणि मी टेम्पोत माल भरून बंद घराच्या पडवीत उतरवून येतो, चावी शेजारच्या आजीकडे.

तर प्रश्न असा की गावाचं उत्पन्न वाढलं म्हणायचं का घटलं?

आकडेमोड
चांगला धागा. उत्पन्नाचं विचारलंत म्हणून आधी एक खुलासा, नाहीतर पुढे सगळे एकमेकांच्या डोक्यावर दरडोई उत्पन्नाचे आकडे आपटत बसतील.

सरकार जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न छापतं ते म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीत जे तयार झालं, शेती कारखाने दुकानं सेवा सगळं धरून, भागिले लोकसंख्या. यात दोन गमती आहेत. एक, मुंबईहून किंवा आखातातून मुलगा जे पैसे पाठवतो ते यात येतच नाहीत कारण ते उत्पादन तिकडे झालेलं असतं. म्हणजे ज्या पैशावर तुमची वाडी शंभर वर्षं चालली तो पैसा कागदावर नाही. दोन, खालचा आकडा लोकसंख्येचा आहे, तो कमी झाला की भागाकार आपोआप मोठा होतो, कुणाच्या खिशात एक रुपया जास्त न येता.

शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात जयगडचा १२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे, गुहागरला दाभोळवाला आहे, लोट्याची एमआयडीसी आहे. त्या सगळ्यांचं उत्पादन जिल्ह्याच्या बेरजेत येतं. राजापूरच्या पाचल किंवा ओणीच्या माणसाला त्यातलं काय मिळतं? सरासरी बघून राजापूरबद्दल काही बोलू नये असं माझं स्पष्ट मत.

निवृत्त_मास्तर
अर्जुनाकाठ, तुमचे वडील मला आठवतात, खिळे वजनावर द्यायचे आणि वर दोन जास्त टाकायचे.

मी शाळेचं सांगतो. जिल्हा परिषदेत नोकरी झाली, सगळी राजापूर लांजा भागात. सुरवातीला लागलो तेव्हा वर्गात पोरं मावायची नाहीत, एक इयत्ता व्हरांड्यात बसवायचो. आणि वडील सगळे मुंबईला, मुलं आणि आया गावात. ही पद्धत होती आपल्याकडे, पुरुष लालबाग परळला गाळ्यात दहा जणांत राहायचा, खानावळीत जेवायचा आणि संसार गावात. त्यामुळे मनीऑर्डर पण यायची आणि शाळा पण भरलेली असायची.

नंतर संसारच उचलला. पोरं इंग्रजी शाळेत घालायची म्हणून बायको गेली मुंबईला, आता म्हातारे पण पावसाळ्यात तिकडे जातात. मी सोडली तेव्हा शेवटच्या शाळेत चार इयत्ता मिळून पट एका हाताच्या बोटावर. सरकारने वीसच्या आतल्या शाळा एकत्र करायचं काढलं २०२३ ला, लोकांनी खूप आरडाओरड केली, मी पण केली, पण आरडाओरड करणाऱ्यातल्या निम्म्यांची नातवंडं डोंबिवलीला शिकतात हे पण खरं आहे.

माणसं जाणं आपल्याला नवीन नाही. कुटुंब जाणं नवीन आहे. मोजणीत ते आत्ता दिसतंय इतकंच.

दिवा_सावंतवाडी_पॅसेंजर
मास्तर नमस्कार. थोडं आमच्या बाजूनेही बोलू द्या, नेहमी चाकरमान्यांवरच ढकललं जातं.

माझे आजोबा आणि वडील दोघे गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर. वडील गावी आले सहा सात महिने, भात लावलं, मग कळलं की वर्षाचं भात चार महिन्यात संपतं, परत गेले आणि मिळेल ते केलं, वॉचमन, कुरिअर, काय काय. गिरणी परत सुरू झालीच नाही. पेन्शन किती माहितीये? हजार रुपये आणि वर किरकोळ. म्हणजे मनीऑर्डर पाठवणाराच संपला हो, आणि तुम्ही म्हणताय संसार उचलला. दोन चुली परवडत नव्हत्या म्हणून एक केली.

गिरणगावात घर परवडत नाही म्हणून आम्ही दिव्याला, माझा चुलता विरारला, मामा टिटवाळ्याला. धाग्यात मुंबई शहर पण घटलं लिहिलंय ना, तीच माणसं ती. लालबागमधून पण गेली आणि राजापुरातून पण गेली, आणि ठाणे जिल्हा त्याच दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी फुगला.

आणि गावच्या घराला रंग लावतो तर त्याचं पण हसू करू नका, वर्षातून दोनदा का होईना दार उघडतो.

अर्जुनाकाठ
दिवा भाऊ हसू अजिबात नाही, माझं पोट आहे त्यावर :-) उलट मला तेच म्हणायचंय की आमचा बाजार आता तिथे न राहणाऱ्या माणसांच्या पैशावर चालतो. पूर्वीही तुमच्याच पैशावर चालायचा पण तेव्हा तो पैसा रोजच्या जेवणाखाण्याला यायचा. मीठ मिरची, कापड, वह्या, शिंप्याची शिलाई, न्हावी, सायकल दुरुस्ती. दर महिन्याला, थोडा थोडा, आणि गावातच चार हातातून फिरायचा. आता येतो तो एकदम मोठा, घराच्या भिंतीत जातो आणि तिथेच थांबतो. चिरेखाणवाला, मी, टाइल्स बसवणारा बिहारचा नाहीतर राजस्थानचा कारागीर, झालं. आमच्या ओळीतले शिंपी दोघेही गेले, कापडाचं दुकान होतं तिथे मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्स.

कातळबाग
आंबा राहिला की राव या सगळ्यात. मी जैतापूर साइडचा, बाग आहे थोडी वडिलांची, थोडी कराराने घेतो.

लोकांना वाटतं हापूस म्हणजे पैशाचं झाड. तर ऐका. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदान, तेव्हा लोकांनी वरकस जमिनीत कातळ फोडून कलमं लावली, काजू लावला, वेंगुर्ला ४ वेंगुर्ला ७. ती योजना खरंच चांगली होती, कोकणात बरीच जमीन त्याने बागेखाली आली. पण ज्यांच्या नावावर लावली ते बसले मुंबईत. मग बाग करारावर द्यायची, वर्षाचे ठरलेले पैसे घ्यायचे. करार करणारा मी, खत मी, फवारणी मी, राखण मी. हवामान बिघडलं, मोहोर दोन तीन वेळा आला, थ्रिप्स आले की औषधाचा खर्च आंब्याच्या पैशाच्या वर जातो, आणि पेटी वाशीला पाठवून दलाल काय पट्टी पाठवेल ते एप्रिलच्या शेवटापर्यंत समजत नाही. मे मधे भाव पडला की कॅनिंगला किलोवर.

आणि राखणीला माणूस कुठला? नेपाळी. फवारणीला नेपाळी, आंबा काढायला नेपाळी, आता कलमाची छाटणी पण तेच शिकलेत. दिवाळीनंतर येतात, पावसाला जातात, काही जण बायकामुलांसकट वर्षभर राहतात. मांगर दिलाय राहायला. मजुरीचा पैसा महिन्याच्या महिन्याला नेपाळला जातो. म्हणजे बघा, आमच्या आजोबांनी जे मुंबईत केलं ते हे आमच्या बागेत करतायत.

काजूचं बोलायलाच नको, आफ्रिकेतला कच्चा काजू स्वस्त येतो आणि आमची बी घरात पडून.

साखरी_ते_शारजा
अस्सलामु अलैकुम, नमस्कार सगळ्यांना. धागा वाचून राहवलं नाही.

मुंबईचा पैसा सगळे सांगतायत, आखाताचा कोणी सांगत नाही. आमच्या साखरीनाटे, जैतापूर, राजापूर शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत सत्तरच्या दशकापासून कुवेत दुबई सौदी. त्याआधी आमचे बुजुर्ग बोटीवर खलाशी. माझ्या वालिदनी सौदीत गाडी चालवून घर बांधलं, मी शारज्यात स्टोअरकीपर आहे. आमच्याकडे फरक असा की व्हिसा फॅमिलीचा मिळत नाही साध्या कामगाराला, पगाराची अट असते. म्हणून आमची बायकामुलं अजून गावातच आहेत. मास्तर म्हणतात ती जुनी पद्धत आमच्याकडे आत्तापर्यंत चालू राहिली, मर्जीने नाही. त्यामुळे साखरीनाट्याच्या बाजारात वर्दळ बघा आणि आतल्या वाड्या बघा.

आणि मच्छी विसरू नका, नाट्याचं बंदर पोसतं सगळ्यांना. पण तिथेही पर्ससीन (मोठ्या जाळ्याच्या बोटी) आणि छोट्या होडीवाल्यांचं भांडण, आणि मोठ्या बोटींवर खलाशी कर्नाटकचे आणि नेपाळचे.

घाटावरचा_पाहुणा
मी बीडचा, मधेच तोंड घालतो. आमच्याकडची पण लाखो माणसं ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतात पण जिल्ह्याची लोकसंख्या वाढतच गेली, कारण उचल घेऊन जायचं आणि पाडव्याच्या आसपास परत यायचं. तुमचं ऐकून वाटतं की तुम्ही सुखात सोडलं गाव? तुमच्याकडे पाऊस एवढा, जमीन आहे, मग ओसाड का ठेवता? आम्हाला द्या.

कातळबाग
@घाटावरचा_पाहुणा, या की दादा, पण सातबारा बघून या. एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली वीस वारलेली, वारस बोरिवली ते बडोदा पसरलेले, इतर हक्कात कुळ. खोती गेली १९४९ च्या कायद्याने, कुळकायदा आला, ते योग्यच झालं, माझे आजोबा स्वतः कुळ होते. पण त्यानंतर वाटण्या कोणी केल्याच नाहीत. चुलत्याशी भांडण नको म्हणून सामायिकच राहू दे. आता विहीर खणायची म्हटली तर सगळ्यांची सही, कर्ज काढायचं तर सगळ्यांची सही. गावात राहणारा एकटा आणि सह्या चाळीस.

पाऊस पडतो हो, पण जून ते सप्टेंबर पडतो आणि सगळा खाडीला जातो. एप्रिलला आमच्याकडे टँकर येतो. आणि भात लावलं तर रानडुक्कर, नाचणी लावली तर माकड. रेशनला तांदूळ फुकट मिळतो मग रात्री जागून डुकराला हाकवायला कोण बसणार.

रानतळ्याची_सून
इतका वेळ सगळे पुरुषच बोलतायत म्हणून लिहिते. तुमच्या धाग्यात एक आकडा कोणीच टाकला नाही. २००१ ला आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, २०११ ला ११२२. राज्यात सगळ्यात वर आपला जिल्हा. बाहेरचे लोक कौतुक करतात की कोकणात मुलींना मान आहे. असेल पण. खरं कारण पुरुष मुंबईला हे आहे. गाव बायकांनी चालवलंय, लावणी आम्ही, गुरं आम्ही, सासूसासरे आम्ही, आणि मनीऑर्डर मात्र सासऱ्यांच्या नावाने यायची. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात स्वतःच्या हातात नोट धरली ती फक्त काजूबी विकून, ती पण लपवून ठेवायच्या तांदळाच्या कणगीत.

आता पहिल्यांदा बायकांच्या खात्यात थेट पैसे येतात. लाडकी बहीणचे १५००, म्हाताऱ्यांना श्रावणबाळचे १५००, बचत गटाचं कर्ज. राजकारण काय असेल ते असो, मला त्यात पडायचं नाही. पण शेतकरी सन्मानाचे केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार हे सातबाऱ्यावर नाव असेल त्याला, म्हणजे पुन्हा पुरुष, तोही मुंबईत. जमीन कसते मी, पैसे त्याच्या भायखळ्याच्या खात्यात. आमच्या गटातल्या एकीचं असं चाललंय, नाव नाही सांगत.

आणि काजूच्या कारखान्यात जातात बायका, सोलायला, किलोवर मजुरी. हाताची सालं निघतात डिंकाने. पण महिन्याचे रोख मिळतात म्हणून कोणी सोडत नाही.

अर्जुनाकाठ दादा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, उत्पन्न वाढलं. घरात फ्रीज आहे, गॅस आहे, सासूबाईंच्या काळात नव्हतं. फक्त ते उत्पन्न कमवायला गावात काही करावं लागत नाही अशी परिस्थिती झाली आहे, त्यामुळे गावात राहायला कारण उरलं नाही.

निवृत्त_मास्तर
वैनी, तुमच्या शेवटच्या वाक्याला सलाम.

विकास_हवा_की_नको
हे सगळं रडगाणं बंद होईल एक मोठा प्रकल्प आला की. जैतापूर अणुऊर्जा ९९०० मेगावॉट, अडवलं. नाणार रिफायनरी, २०१९ ला रद्द करायला लावलं. बारसूला २०२३ ला नुसतं माती परीक्षण करायचं होतं तरी रस्त्यावर आडवे झाले. मग पोरं मुंबईला जाणारच. विरोध करणारे सगळे मुंबईत बसून गावाचं निसर्गसौंदर्य जपतात.

दिवा_सावंतवाडी_पॅसेंजर
झालं, आलात का. बारसूच्या सड्यावर ऊन्हात पोलिसांसमोर बसलेल्या बायका मुंबईच्या होत्या का? टीव्हीवर अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. आणि प्रकल्प जाहीर व्हायच्या आधी तिथल्या जमिनी कोणी कोणी घेतल्या ते पण बघा, आडनावं वाचलीत तर कोकणातलं एखादंच सापडेल.

अर्जुनाकाठ
दोघांनाही विनंती, रिफायनरीचा वेगळा धागा आहे, सहाशे प्रतिसाद झालेत तिथे, तिकडे जा. इथे मला त्यातली एकच गोष्ट पाहिजे. जमीन विकून जो पैसा आला त्याचं काय झालं? मी माझ्या काउंटरवरून बघितलंय ते सांगतो. थोडा घरात, थोडा चारचाकीत, लग्नात, आणि बराचसा ठाणे जिल्ह्यात फ्लॅटच्या डाउन पेमेंटला. म्हणजे जमीन राजापूरची विकली आणि घर बदलापुरात झालं. जमीन एकदाच विकता येते. अशा वर्षात बाजार तेजीत दिसतो, आणि दुसऱ्या वर्षी तीच माणसं मतदार यादीत फक्त राहिलेली.

प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही माझी गिऱ्हाईकं आहेत त्यामुळे यापुढे मी गप्प.

तळकोकण_एक
आमच्या सिंधुदुर्गात येवा. तां सगळां खरां, पण गावात रवतलो कोण ह्यो प्रश्न आमकाय आसा. फरक इतकोच की आमका गोवा जवळ.

नीट लिहितो, नायतर बाकीचे म्हणतील काय बोलतोय. सावंतवाडी दोडामार्ग बांद्याची पोरं रोज बाइकने गोव्याला कामाला जातात, म्हापसा, पणजी, फार्मा कंपन्या, हॉटेलं, आता मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे तिथे पण. रात्री घरी जेवायला. पैसा गोव्याचा आणि खर्च गावात, असा प्रकार राजापूरला शक्य नाही, कोल्हापूर अणुस्कुरा घाटाच्या वर आणि रत्नागिरी पण रोज जाण्यासारखी नाही. आणि मालवण तारकर्लीला पर्यटन आहे, माझ्या मावसभावाने पडवीच्या दोन खोल्या काढल्या, डिसेंबर आणि मे मधे रिकामी नसते. पण तिथेही जेवण करायला माणूस मिळत नाही, भाऊ आणि वहिनी दोघंच राबतात. चिपीला विमानतळ झाला २०२१ ला, त्याने गावात पोरगा थांबला असं अजून तरी काय दिसलं नाही.

आकडेमोड
तळकोकण यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, रोज जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर नोकरी. राजापूर तिथे मार खातं. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं गावं जागी होतील. राजापूर रोड स्टेशन शहरापासून इतकं लांब की रिक्षाचं भाडं ट्रेनच्या तिकिटापेक्षा जास्त. आणि रेल्वेने मुंबई जवळ आणली, राजापूर जवळ आणलं नाही. जायला सोपं झालं की आधी जाणारेच वाढतात.

अर्जुनाकाठ
हेच हायवेचं. चौपदरी झाल्यापासून गोव्याच्या गाड्या सुसाट जातात, चहाला पण थांबत नाहीत.

यावरून आठवलं, राजापूर मुळात बंदर होतं हो. इंग्रजांची वखार होती इथे, शिवाजी महाराजांनी १६६१ ला धाड घातली ती उगाच नाही, माल होता म्हणून घातली. घाटावरून बैलांवर लादून माल उतरायचा, खाडीतून गलबतात चढायचा. माझ्या पणजोबांच्या वेळपर्यंत बाजाराचं पोट त्यावर. मग अर्जुना नदी गाळाने भरली, गलबतं वर येईनाशी झाली, बोटी जैतापूर मुसाकाजीलाच थांबायच्या. पुढे त्या पण गेल्या. तेव्हापासून या बाजाराला स्वतःचा असा धंदाच नाही, शे-दीडशे वर्षं दुसरीकडच्या पगारावर जगतोय. आणि तोच गाळ आता पावसाळ्यात पूर बनून आमच्या दुकानात येतो. जुलैमधे खालच्या फळीवर माल ठेवायचा नाही हे राजापुरात व्यापाऱ्याचं पोर चालायला लागायच्या आधी शिकतं.

तर माणसं गेली म्हणून बाजार पडला असं म्हणणाऱ्यांना माझं म्हणणं आहे की उलटं झालं. धंदा आधी गेला, माणसं त्यानंतर गेली, आणि पैसा त्यांच्या मागून अजून येतोय. ही पिढी आहे तोवर येईल. जे दिव्याला जन्मले त्यांची मुलं रंग लावायला पैसे पाठवतील का ते दिवा भाऊंनीच सांगावं.

दिवा_सावंतवाडी_पॅसेंजर
खरं सांगू? माझा मुलगा गणपतीला येतो, शिमग्याला पालखी नाचवायला येतो, रील काढतो, आवडतं त्याला. पण वायफाय नाही म्हणून तिसऱ्या दिवशी तुतारी एक्सप्रेसचं तिकीट बघायला लागतो. घरपट्टी मी भरतो. तो भरेल का मला माहीत नाही आणि मी विचारत पण नाही.

आमच्या वाडीचं मुंबई मंडळ आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराला दोन महिन्यात पैसे जमले. त्याच मंडळात मी म्हटलं गावात दोन पोरं आहेत त्यांना काजू प्रोसेसिंगला भांडवल देऊ, तर सगळे म्हणाले बघू पुढच्या मीटिंगला.

रानतळ्याची_सून
@दिवा_सावंतवाडी_पॅसेंजर भाऊ ती दोन पोरं म्हणालात, पोरीच्या गटाला पण विचारा. आमचा गट कोकम आणि फणसाचे तळलेले गरे करतो, पॅकिंगची मशीन घ्यायची आहे, मंडळाला हिशेब दर महिन्याला देऊ. मी व्यनि (खाजगी निरोप) करते तुम्हाला.

दिवा_सावंतवाडी_पॅसेंजर
करा वैनी, मीटिंगला वाचून दाखवतो. देवळाएवढे नाही जमणार पण मशीनचे विचारतो नक्की.

निवृत्त_मास्तर
आता नवीन जनगणना येतेय म्हणतात. मी दोनदा प्रगणकाचं काम केलंय म्हणून विचारतो, कुणाला तारखा माहीत आहेत का?

आकडेमोड
हो मास्तर. घरयादीचा टप्पा २०२६ मधे आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. यावेळी मोबाइलवर, आणि स्वतःची माहिती स्वतः भरायची पण सोय आहे.

दिवा_सावंतवाडी_पॅसेंजर
मग आम्ही मुंबईहून गावच्या पत्त्यावर नावं भरली तर? गावचा आकडा तरी वाढेल, निधी येईल, शाळा वाचेल. मतदान आमचं गावालाच आहे, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मंडळ गाड्या करून नेतं.

आकडेमोड
नाही चालणार. मतदार यादी वेगळी, जनगणना वेगळी. मोजणीच्या काळात तुम्ही जिथे राहता तिथेच तुमची गणना. संपूर्ण काळ बाहेर असलेला माणूस गावच्या घरात धरत नाहीत, घर नुसतं कुलूपबंद म्हणून घरयादीत लागतं. आणि फेब्रुवारी म्हणजे शिमग्याच्या आधी, तेव्हा चाकरमानी कोणी गावात नसतोच.

कातळबाग
एक शंका. फेब्रुवारीत माझ्याकडे आंब्याच्या राखणीला नेपाळी असतात, दोन कुटुंबं, पोरं धरून. ती इथे मोजणार का?

आकडेमोड
तिथे राहत असतील तर हो, मोजणार.

कातळबाग
मग आमच्या वाडीची लोकसंख्या यावेळी वाढलेली दिसणार बघा.